पाचवी-आठवीत परत नापास करायला लागलेत, पालक म्हणून तुम्हाला पटतं का?

अर्धं पटतं. आधी नियम सांगतो, कारण बऱ्याच जणांना तो नीट माहीतच नाही. 2009 च्या आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवायचं नव्हतं, 2019 ला कायदा बदलून राज्यांना मुभा दिली आणि आपल्याकडे 2023 मध्ये पाचवी-आठवीची वार्षिक परीक्षा परत आली. विषयात 35 टक्के नाही पडले तर शाळेने ज्यादा तास घेऊन दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षा घ्यायची, त्यातही राहिला तरच वर्ष जातं. शाळेतून काढता मात्र येत नाही, हे लक्षात ठेवा.

आमच्या हडपसरच्या महापालिका शाळेत पालकसभेला यावरून चांगलीच जुंपली. एक बाबा प्रगतीपुस्तक घेऊनच उभे राहिले, गणितात ब-2 आणि पोराला हातच्याची वजाबाकी जमत नाही, मग ह्या श्रेणीचा आम्ही अर्थ काय घ्यायचा? बरोबरच आहे ना त्यांचं. तर एक ताई म्हणाल्या, माझी पोरगी नापास झाली तर घरचे तिला धाकट्याला सांभाळायला घरीच बसवतील. ही भीती पण खरी आहे, आणि मला तीच जास्त टोचते.

म्हणून माझं म्हणणं, परीक्षा असू दे पण भांडायचं ते ज्यादा तासांसाठी. मे महिन्यात निम्मी पोरं गावी असतात, तेव्हा कोण कुणाला शिकवणार? शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालकच असतात, तिथे पहिल्या सत्रातच लेखी विचारा की कच्ची मुलं कोणती आणि त्यांचे तास कधी.