वाचकांचे प्रश्न : होम सुटल्यावरची पहिली खोली

मागच्या अंकात होममध्ये, म्हणजे बालगृहात, वाढलेल्या आणि अठरा वर्षं पूर्ण होणाऱ्या मुलांबद्दल मी चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. मी गोव्यातल्या फोंड्यात अशा मुलींच्या आफ्टरकेअर फ्लॅटवर, म्हणजे होम सुटल्यावर त्या मिळून राहतात त्या घरात, नऊ वर्षं काम केलंय, त्यामुळे पुढे जे आहे ते बहुतेक डोळ्यांनी बघितलेलं आहे.

प्रश्न : मी लहानपणापासून होममध्ये आहे. बारावी कॉमर्सला आहे आणि फेब्रुवारीत मला १८ पूर्ण होतील. सगळे विचारतात पुढे काय. काही जण म्हणतात चांगलं स्थळ बघा आणि मोकळे व्हा. मला शिकायचंय. पण राहू कुठे? अठरा झाले की खरंच निघावं लागतं का?
— स., सासष्टी

उत्तर : स. बाय, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. लहान मुलांच्या होममधली तुझी जागा अठराला संपते हे खरं आहे, पण तिथे सरकारची जबाबदारी संपत नाही, आणि हे तुला कोणीतरी आधीच नीट सांगायला हवं होतं. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात आफ्टरकेअर म्हणून वेगळी गोष्ट आहे. संस्थेतून बाहेर पडलेल्या १८ ते २१ वयाच्या मुलामुलींना पैशाची आणि इतर मदत, आणि खास कारण असेल तर २०१६ च्या नियमांप्रमाणे ती २३ पर्यंत वाढवता येते. त्याच नियमांत राहण्याबद्दलही लिहिलंय, सहा ते आठ जणांनी मिळून तात्पुरतं एका घरात राहायचं, शिकत असेपर्यंत स्टायपेंड किंवा स्कॉलरशिप, स्किल ट्रेनिंग, आणि संपर्कात राहणारा एक काउन्सेलर. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत आफ्टरकेअरसाठी महिन्याला ४,००० रुपये धरलेत. त्यात भाडं, गॅस आणि कदंबाच्या बसचा पास सगळं बसत नाही हे मला माहीत आहे, पण चौघी मिळून राहिल्या तर त्या पैशाला अर्थ येतो.

आता एक गोष्ट नीट लक्षात घे. कायद्याच्या ४६ व्या कलमात मदत 'देता येईल' असं आहे, 'दिलीच पाहिजे' असं नाही. म्हणून ती मागावी लागते, आणि वेळेत मागावी लागते. तुझ्या नावाचा एक वैयक्तिक काळजी आराखडा असतो, इंडिव्हिज्युअल केअर प्लॅन म्हणतात तो. सुपरिटेंडंट मॅडमना सांग मला तो बघायचाय, आणि त्यात अठरानंतर काय लिहिलंय ते वाच. काहीच नसेल तर आत्ताच लिहून घे. मग बालकल्याण समितीला आणि जिल्हा बाल संरक्षण युनिटला साध्या कागदावर अर्ज कर की मला शिकायचंय आणि मला आफ्टरकेअर हवंय. बोर्डाच्या परीक्षेच्या तोंडावर सामान हलवायला लावू नका हेही त्यातच लिही. अर्जाच्या कॉपीवर इनवर्ड नंबर आणि तारीख घेतल्याशिवाय ऑफिसमधून बाहेर पडू नकोस. तोंडी सांगितलेलं कोणाच्या लक्षात राहत नाही, ऑफिसर बदलले की तर मुळीच नाही.

कागदपत्रांचंही आत्ताच. जन्मदाखला, आधार, शाळेचे दाखले, होमच्या रजिस्टरमधला तुझ्या प्रवेशाचा उतारा. हा उतारा कशाला असं वाटेल, पण गोव्यात सरकारी नोकरीला मामलेदाराचा पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला मागतात, प्रोफेशनल कॉलेजच्या ॲडमिशनलाही रहिवासाचा दाखला लागतो, आणि ज्या मुलीचं घर म्हणजेच होम, तिने पंधरा वर्षं कुठे काढली हे त्या रजिस्टरशिवाय कोण सांगणार! बँकेतलं खातं मायनर म्हणून असेल तर अठरा झाल्यावर केवायसी परत करून ते तुझ्या एकटीच्या सहीवर करून घे.

आणि लग्नाचं. तुला करायचं असेल तेव्हा कर, पण राहायला जागा नाही म्हणून करू नकोस. अमृता करवंदे हे नाव तू ऐकलंयस का? ती गोव्यातल्याच अनाथाश्रमात वाढली, अठराची झाल्यावर एकटी पुण्याला गेली, मिळेल ते काम करत शिकली, स्पर्धा परीक्षा दिली आणि तिथे अनाथांना कुठला रकानाच नाही म्हणून अडली. ती थेट मुख्यमंत्र्यांपर्यंत गेली आणि २०१८ मध्ये महाराष्ट्राने अनाथांसाठी १ टक्का आरक्षण काढलं. ते आरक्षण महाराष्ट्रापुरतं आहे, तुला इथे मिळणार नाही, पण ती तुझ्याच वाटेवरून गेलेली आहे म्हणून सांगितलं. तिला जे एकटीने काढावं लागलं ते तुला काढायला लागू नये एवढ्यासाठीच आफ्टरकेअर आहे.

प्रश्न : मी बारदेशातल्या एका होममध्ये गृहमाता आहे. आम्ही मुलींना स्वयंपाक, शिवण, कम्प्युटर सगळं शिकवतो. तरी बाहेर गेल्यावर तीन महिन्यांत फोन येतो, ताई पैसे संपले, ताई रूम सोडायला सांगितली. आमचं कुठे चुकतं?
— एक गृहमाता

उत्तर : ताई, तुम्हाला फोन येतो यातच तुमचं किती बरोबर आहे ते कळतं. फोन येत नाही त्या मुलींची मला जास्त काळजी वाटते.

एक प्रसंग सांगते. आमच्या फ्लॅटवर पहिल्या दिवशी एका मुलीने शीत लावलं. होममध्ये ती किचनमध्ये मदत करायची, मोठा टोप, चाळीस जणांचा तांदूळ, हात तसाच बसलेला. घरात माणसं तीन आणि भात झाला दहा जणांचा, आणि ती तिथेच ओट्याजवळ उभी राहून रडायला लागली. म्हणाली, ताई मला थोडं करताच येत नाही. तिला स्वयंपाक येत होता हो, पण एकटीसाठी वाटीने तांदूळ मोजायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. ते आठवडाभर आम्ही शिळ्या भाताला फोडणी देऊन खाल्ला आणि त्यानंतर एक वाटी तिने तांदळाच्या डब्यातच ठेवून दिली, कायमची.

दुसरी मुलगी कामावर निघायची आणि जिन्यावरून तीन तीनदा परत वर यायची, कुलूप ओढून बघायला. मला आधी वाटलं हिला कसली तरी भीती बसलीय, नंतर कळलं की तिच्या हातात आयुष्यात पहिल्यांदाच चावी आली होती. होमला गेट असतं, वॉचमन असतो, आत यायची वेळ ठरलेली, आणि दार कधी लावायचं आणि कधी उघडायचं ते दुसरं कोणीतरी बघतं. आपण मुलांना सुरक्षित ठेवतो ते बरोबरच आहे, पण सतरा वर्षं सगळं वेळेवर समोर आलं की दूध संपतं, बल्ब जातो, सिलिंडर संपायच्या आधी नोंदवावा लागतो, हे कळायला वावच राहत नाही.

म्हणून मी म्हणेन की शिकवण्यापेक्षा करू द्या, आणि पंधराव्या-सोळाव्या वर्षापासून करू द्या. दोघी-तिघींना पंधरा दिवसांचे साबण-तेल-खाऊचे पैसे हातात द्या आणि दहाव्या दिवशी संपले तर लगेच परत भरू नका, पण रागावूही नका, शेजारी बसून वहीत लिहायला लावा कुठे गेले ते. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात यादी देऊन पाठवा, तुम्ही लांब थांबा. आजारी पडली तर केस पेपर तिला स्वतःला काढू दे, कुठे दुखतं ते डॉक्टरला तिने सांगू दे, तुम्ही फक्त बाजूला बसा. बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात ओपीडीच्या लायनीत एकटीने उभी राहिलेली मुलगी पुढे कुठल्याच ऑफिसात घाबरत नाही, हे मी बघितलंय. बँकेत स्लिप भरणं, एटीएमचा पिन आणि ओटीपी कोणालाही न सांगणं, हेही होममध्ये असतानाच. चुका व्हायच्याच आहेत, त्या तुम्ही जवळ असताना होऊ देत.

पहिल्या पगाराबद्दल थोडं जास्त बोला त्यांच्याशी. बहुतेक जणी पहिल्या पगारात मोबाईल हप्त्यावर घेतात आणि मैत्रिणींना ट्रीट देतात, आणि त्यात वाईट काही नाही, इतकी वर्षं दान आलेले कपडे घातलेल्या मुलीला स्वतःच्या पैशाने वस्तू घ्यावीशी वाटणारच. आम्ही एवढंच ठरवलं होतं की पगार झाला त्याच दिवशी भाडं आणि गॅसचे पैसे वेगळ्या पाकिटात जातील, बाकीचे तुझे, मी विचारणार नाही. पहिले दोन महिने पाकीट माझ्याकडे असायचं, तिसऱ्या महिन्यापासून तिच्या कपाटात.

आणि मुलगी बाहेर गेल्यावर फोन किती दिवस करायचा याचा नियम करू नका. आमच्याकडे रात्री अकराला फोन आला होता, ताई, रवा भाजताना करपला, आता काय करू. रव्यासाठी फोन नव्हता तो, दिवसभर ती कोणाशी बोलली नव्हती.

प्रश्न : फोंड्याला माझा दोन बेडरूमचा फ्लॅट रिकामा आहे. एका संस्थेने चार मुलींसाठी भाड्याने मागितलाय. द्यायची इच्छा आहे, पण सोसायटीवाले कुरकुर करतात, आणि उद्या काही झालं तर?
— र., फोंडा

उत्तर : रावसाहेब, द्या. ॲग्रीमेंट मुलींच्या नावावर न करता संस्थेच्या नावावर अकरा महिन्यांचं करा, डिपॉझिट आणि भाडं संस्था भरेल, दुरुस्ती कोणी करायची ते आधीच लिहा. भाडेकरूंची माहिती पोलीस स्टेशनला देणं गोव्यात तुम्हाला सक्तीचं आहे, ते काम पहिल्याच आठवड्यात उरकून टाका म्हणजे सोसायटीलाही बोलायला जागा राहत नाही. संस्थेचा कोण माणूस येत-जात राहील आणि रात्री कोणाला फोन करायचा ते विचारून नंबर घ्या. असा माणूसच नसेल तर मात्र देऊ नका, कारण मग ते नुसतं भाड्याचं घर झालं, मुलींना आधार कसला.

एक विनंती. सोसायटीला सांगताना 'होमच्या मुली' असं सांगू नका. कॉलेजच्या आणि नोकरीच्या मुली राहणार आहेत, एवढं पुरे आणि ते खरंही आहे. आमच्या एका मुलीला जिन्यात एका बाईंनी विचारलं होतं, तुझे आईवडील नक्की आहेत कुठे, आणि ती मुलगी नंतर लिफ्ट चालू असली तरी मागच्या जिन्यानेच यायची. कोणाला किती सांगायचं ते त्या मुलींना ठरवू दे.

प्रश्न : माझी भाची इंग्लंडमधल्या स्विंडनला असते, ती तिथे सपोर्टेड अकोमोडेशनमध्ये काम करते म्हणते. ते आपल्या होमसारखंच का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : नाही, होमच्या पुढची पायरी म्हणा. इंग्लंडमध्ये सरकारच्या देखरेखीखाली वाढलेली १६-१७ वर्षांची मुलं तिथे राहतात, स्वतःची खोली असते, स्वयंपाक आणि खर्च स्वतः बघायचा, आणि तुमच्या भाचीसारखा स्टाफ मदतीला असतो. आधी या जागांवर फारशी नजर नव्हती, आता २०२३ पासून ऑफस्टेड या सरकारी तपासणी खात्याकडे त्यांची नोंदणी सक्तीची झालीय. तिथल्या मुलांना २५ वर्षांपर्यंत एक पर्सनल ॲडव्हायझर मागता येतो. मला त्यातली सोळाव्या वर्षी सुरुवात करायची गोष्ट फार पटते. आपण अठराव्या वाढदिवसाच्या महिनाभर आधी धावपळ करतो. भाची सुट्टीला आली की तिला आमच्या मुलींशी बोलायला पाठवा, खरंच पाठवा.

प्रश्न : मी २० वर्षांचा आहे. होममधून बाहेर पडून आयटीआय केलं, आता वेर्ण्याला कंपनीत आहे. पगार ठीक आहे, रूमवर तिघे मित्र आहेत. पण चवथ (गणेश चतुर्थी) आली की तिघेही आपापल्या मूळ घरी जातात, आणि मी चार दिवस रूमवर एकटा असतो. गेल्या वर्षी त्या दिवसांत मी जेवलोच नाही नीट. मला काही मेंटल प्रॉब्लेम आहे का?
— एक मुलगा

उत्तर : नाही रे. गोव्यात चवथीला अख्खा गाव आपापल्या मूळ घरी जातो, बिल्डिंगी रिकाम्या होतात, दुकानं बंद, हॉटेलं बंद, आणि तू एकटा रूमवर, अशा वेळी जेवण गेलं नाही तर त्यात नवल काय. तरी सणाचे दिवस सोडूनही झोप लागत नसेल, कशातच मन लागत नसेल तर १४४१६ वर फोन कर, टेलिमानस म्हणतात, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. आणि तू २० चा आहेस म्हणजे तुझं आफ्टरकेअरचं वय अजून गेलेलं नाही, नोकरी लागली म्हणून काउन्सेलर मागायचा नाही असं काही नाही. जिल्हा बाल संरक्षण युनिटला जाऊन विचार.

आमच्या फ्लॅटवर पहिल्या वर्षी चवथीला असंच झालं होतं, मुली आपापल्या कॉटवर भिंतीकडे तोंड करून. दुसऱ्या वर्षी त्यांनीच ठरवलं आपण माटोळी बांधू, गणपतीच्या वर फळापानांची सजावट टांगतात ती. बाजारातून सुपारीचं शिपटं, कांगलं, नारळ असं काय काय घेऊन आल्या, कोणालाच नीट बांधता येईना, खालच्या मजल्यावरचे आजोबा वर येऊन दाखवून गेले, आणि जाताना म्हणाले उद्या आरतीला खाली या. आता त्यातल्या बऱ्याच जणी नोकरी-संसारात आहेत, पण चवथीच्या आदल्या दिवशी ज्यांना जमतं त्या फ्लॅटवर येतात, काही जणी नवऱ्याला आणि पोरांना घेऊन, आणि होममधून बाहेर पडलेले दोन-तीन मुलगेही येतात. संपादकांकडे तुझा नंबर पाठव, मी फोन करते. या वर्षी दुपारी तीनच्या आत ये, माटोळी वर बांधायला उंच माणूस कोणी नाही आमच्यात.