तीन टर्की नर एकत्र पिसारा फुलवतात, पण मादीजवळ एकच जातो. असं का?

तुम्ही मुलाकडे अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला आला आहात आणि रोज सकाळी मागच्या अंगणात हे तीन नर बघताय, हे वाचून मला खरंच आनंद झाला. एप्रिल हा त्यांच्या विणीचा हंगाम. या राज्यातून जंगली टर्की 1851च्या सुमारास पूर्ण नाहीसे झाले होते. 1970च्या दशकात न्यूयॉर्कमधून अवघे 37 पक्षी आणून सोडले, त्यांचा हा विस्तार.

आता उत्तर. ते तिघं बहुधा भाऊ आहेत. पुढे जाणारा त्यांच्यातला वरचढ आणि बाकीचे दोघं त्याच्यासाठी नाचतात. शेपटी फुलवणं, पंख जमिनीला घासत चालणं, छातीतून खोल घुमणारा आवाज काढणं, सगळं करतात. शिवाय परक्या नरांना माद्यांपासून लांब ठेवतात. मीलन मात्र वरचढाचंच होतं.

मग बाकीच्या दोघांना, म्हणजे दुय्यम नरांना, काय मिळतं? कॅलिफोर्नियात कार्मेल व्हॅलीतल्या हेस्टिंग्ज राखीव क्षेत्रात जीवशास्त्रज्ञ अ‍ॅलन क्राकाउअर यांनी डीएनए तपासून याचा हिशेब मांडला. तो 2005 साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत आला. दुय्यम नरांच्या नावावर एकही पिल्लू नव्हतं. पण साथीदार असलेल्या वरचढ नराला एकट्या नरापेक्षा सरासरी सहा पिल्लं जास्त झाली होती. साथीदारांमधली आनुवंशिक जवळीक 0.42 निघाली; सख्ख्या भावांत ती 0.5 असते. म्हणजे भावाच्या त्या सहा पिल्लांतून दुय्यम नराला स्वतःच्या अडीच पिल्लांइतका वारसा मिळतो. तो एकटा फिरला असता तर सरासरी एक पिल्लूही पदरात पडलं नसतं. जीवशास्त्रज्ञ विल्यम हॅमिल्टन यांनी 1964 साली आप्तनिवडीचं, म्हणजे नातलगांच्या पिल्लांतून आपला वारसा पुढे जाण्याचं, गणित कागदावर मांडलं होतं, ते या पक्ष्यांत आकड्यांसह दिसलं. मला हा अभ्यास फार आवडतो.

पण तुमचं सगळं लक्ष नरांकडे आहे. जरा मादीकडे बघा. ती खाली मान घालून चरत असते, जणू तिला काही देणंघेणंच नाही. निवड तिच्याच हातात असते. पसंत पडलेल्या नरासमोर ती स्वतःहून जमिनीला टेकून बसते. नाही बसली तर नर कितीही नाचो.

आपण मोर बघून वाढलेले, त्यामुळे नजर पिसाऱ्यावर जाते. टर्कीची मादी मात्र नराच्या चोचीच्या मुळाशी लोंबणारा मांसल तुकडाही बघते. त्याला स्नूड म्हणतात. जीवशास्त्रज्ञ रिचर्ड बुखहोल्झ यांच्या 1995च्या प्रयोगांत माद्यांनी लांब स्नूडचे नर पसंत केले, आणि अशा नरांच्या आतड्यात कॉक्सिडिया हे परोपजीवी कमी होते. मादीच्या बाजूनं विचार केला की हे पटतं. नर ना घरटं करतो, ना अंडी उबवतो. जमिनीवरच्या घरट्यात दहा-बारा अंड्यांवर ती सुमारे 28 दिवस एकटी बसते, पिल्लंही एकटीच वाढवते. बापाकडून पिल्लांना मिळणार ती फक्त आनुवंशिक देणगी, मग तो निरोगी असल्याची खूण ती शोधणारच.

या स्नूडचं एक सुंदर वर्णन जहांगीर बादशहानं लिहून ठेवलंय. 1612 साली त्याच्या दरबारातल्या मुकर्रब खानानं गोव्याहून त्याच्यासाठी पाळीव टर्की आणला. माजावर आला की हा तुकडा हत्तीच्या सोंडेसारखा वीतभर लोंबतो आणि वर ओढला की गेंड्याच्या शिंगासारखा दोन बोटं उरतो, असं त्यानं टिपलं. डोक्याचे बदलते रंगही त्याच्या नजरेतून सुटले नाहीत. त्याचा दरबारी चित्रकार मन्सूर यानं काढलेलं टर्कीचं चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

दाणे टाकू का, असंही तुम्ही विचारलंय. कृपा करून टाकू नका. माणसाच्या हातचं खाऊन टर्की धीट होतात. माणसालाही आपल्या कळपातला धरून त्याच्यावर वरचढपणा करू लागतात, लहान मुलांच्या मागे लागतात. गाडीच्या चकचकीत दारावर एखादा नर चोच मारताना दिसला, तर त्याला त्यात प्रतिस्पर्धी दिसतोय. दारावर जुनी चादर टाका, तो निघून जाईल.