रंग भरायची एवढी घाई नको

तुझा मेल काल रात्री वाचला, सकाळी परत वाचला. क्लायंटकडून चित्रावर पाचव्यांदा करेक्शन आलं, पात्राचं तोंडच दुसऱ्या बाजूला वळवायला सांगितलं आणि आता ती फाइल उघडावीशी पण वाटत नाही असं लिहिलंयस. तिन्ही चित्रं मी मोठी करून बघितली. ड्रॉइंग चांगलंय, हात तर खरंच सुंदर काढलेयस, बोटं वाकतात तिथली घडी भल्याभल्यांना जमत नाही. गडबड चित्रात नाहीच आहे. ब्रीफ, म्हणजे क्लायंटने काय हवंय ते लिहून दिलेलं, वाचल्या वाचल्या तू थेट फायनलला हात घातलास, मधलं काहीच क्लायंटला दाखवलं नाहीस, त्यामुळे जो प्रश्न पहिल्या दिवशी पाच मिनिटांत सुटला असता तो आता पूर्ण रंगवलेल्या चित्रावर सुटतोय, आणि त्यात जीव जातोय तुझा.

म्हणून आधी थंबनेलबद्दल, म्हणजे चित्राच्या अगदी छोट्या कच्च्या आराखड्यांबद्दल सांगते, बाकीचं नंतर. काडेपेटीएवढ्या चौकटी आख आणि जाड पेन घे, बारीक नको, कारण बारीक पेन हातात आला की आपण लगेच पापण्या काढायला लागतो. एका कामाला पंधरा-वीस तरी काढ. पहिले पाच-सहा कुणालाही सुचतील असेच असतात, ते कागदावर उतरून गेले की पुढचं सुचायला जागा होते. मागे एका माहितीपत्रकासाठी मला आजी नातवाला औषध देतेय असं चित्र करायचं होतं. सुरुवातीच्या सगळ्या चौकटींत दोघं समोरासमोर बसलेली, दोन चेहरे सारख्याच मापाचे, बघणाऱ्याने नेमकं कुठे बघायचं तेच कळेना. अकराव्या की बाराव्या चौकटीत मी आजीच्या खांद्यामागे जाऊन उभी राहिले, म्हणजे कॅमेरा तिथे नेला, आणि एकदम मधोमध चमचा आला, पलीकडे पोराचं उघडं तोंड. माहितीपत्रक औषध किती द्यायचं याबद्दलचं होतं, म्हणजे सगळा विषयच त्या चमच्याचा होता, आणि मी तोपर्यंत चेहरेच काढत बसले होते. नंतर रफ, म्हणजे ते कच्चं चित्र, ग्रेस्केल करून, म्हणजे फक्त काळ्या-करड्या छटांत बघितलं तर आजीची बाही आणि मागची भिंत एकाच टोनची, चमचा त्यात बुडालेला. भिंत गडद केली, झालं. रंग भरल्यावर हे लक्षात आलं असतं तर दोन दिवस गेले असते.

हे फक्त नवख्यांसाठी असतं असं समजू नकोस. अमेरिकन चित्रकार नॉर्मन रॉकवेलने 1916 पासून 1963 पर्यंत एकाच साप्ताहिकासाठी तीनशेच्या वर मुखपृष्ठं केली, तरी तो आधी छोटी स्केचेस, मग कोळशाने पूर्ण मापाचं ड्रॉइंग, मग रंगांचा वेगळा छोटा नमुना, आणि त्यानंतरच कॅनव्हासला ब्रश लावायचा.

क्लायंटला तीनच रफ पाठव, आणि जो रंगवायला तुला आवडणार नाही तो त्यात घालूच नकोस, बरेचदा नेमका तोच निवडला जातो. 'जरा फ्रेश करा', 'मजा नाही येत' अशी उत्तरं आली की रागावू नकोस. त्यांच्याकडे आपले शब्द नसतात, पण काहीतरी खटकलेलं असतं ते खरं असतं. तेव्हा सरळ विचारायचं की बघणाऱ्याची नजर आधी कुठे जायला हवी, त्याला बघून काय वाटायला हवं, चित्र नक्की कुठे आणि किती मोठं छापणार. एवढ्या तीन उत्तरांवर बहुतेक काम मार्गी लागतं.

आता पैशाचं. तू तासांवर भाव सांगितलास असं मेलवरून दिसतंय, ती पद्धत सोड. चित्र तेच असलं तरी पाचशे पत्रकांवर एकदा छापणं आणि दोन वर्षं प्रत्येक पाकिटावर छापणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, भाव वापराचा लागतो. कुठे वापरणार, किती काळ, फक्त त्यांनाच का दुसऱ्यालाही देता येईल, हे लिहून घे. कॉपीराइटचा आंतरराष्ट्रीय बर्न करार मानणाऱ्या देशांत चित्र काढलं की कॉपीराइट आपोआप तयार होतो, नोंदणी लागत नाही, पण मागणीवरून काढलेल्या चित्राचा मालक कोण याचे नियम देशागणिक वेगळे आहेत, म्हणून कागदावर जे आहे तेच शेवटी कामाला येतं. मी हे फार उशिरा शिकले. एका क्लायंटला मेलमध्ये एका ओळीत 'चित्र तुमचंच' असं लिहून दिलं होतं, वर्षभराने ते माहितीपत्रकातलं चित्र भल्यामोठ्या होर्डिंगवर दिसलं आणि मला एक पैसाही मागता आला नाही. त्याचं अजून वाईट वाटतं.

त्याच मेलमध्ये हेही घाल: रफला दोन राउंड, फायनलला एक, त्यापुढे जादा पैसे. अर्धा अ‍ॅडव्हान्स. काम मध्येच रद्द झालं तर किती मिळणार. आणि डेडलाइन तारखेने न लिहिता 'रफ मंजूर झाल्यापासून दहा दिवस' अशी लिही, नाहीतर त्यांनी आठवडा घालवायचा आणि रात्री तू जागायच्या.

छपाईचं थोडक्यात. ए फोरला 300 डीपीआयने, म्हणजे इंचाला 300 ठिपके धरून, 2480 गुणिले 3508 पिक्सेल लागतात, वर चारही बाजूंना 3 मिमी ब्लीड, म्हणजे कागद कापताना जाणारी जादा कड. तुझ्या दुसऱ्या चित्रातला तो झगझगीत हिरवा छापल्यावर मळकट येईल, स्क्रीन उजेडाने रंग दाखवते आणि प्रेसकडे चार शायाच असतात, तेव्हा सीएमवायके प्रीव्ह्यू, म्हणजे त्या चार शायांत रंग कसे दिसतील ते दाखवणारा, लावूनच रंग निवड. बारीक काळ्या रेषा फक्त काळ्या शाईत ठेव, चारही शाया मिसळल्या आणि प्लेट केसभर सरकली की रेषेच्या कडेला रंगीत सावली दिसते. आणि पात्र, बॅकग्राउंड फाइलमध्ये वेगळ्या लेयरवर, म्हणजे वेगळ्या थरावर ठेवत जा, मान वळवायची वेळ आली तर भिंत परत रंगवावी लागत नाही.

या कामाचे जादा पैसे मात्र मागू नकोस, आधी ठरलंच नव्हतं, आता मागणं बरं दिसत नाही. क्लायंटला आज एवढंच कळव की चेहऱ्याची दिशा पक्की करायला तीन छोटे रफ पाठवतो आहोत, त्यातला एक निवडून लेखी कळवा, मगच पुढे जाऊ. फाइल दोन दिवस उघडू नकोस, मनगटालाही विश्रांती दे, दुखतंय असं तू शेवटच्या ओळीत लिहिलंयस ते मी वाचलंय आणि ते अंगावर काढू नकोस. ते तीन रफ काढून झाले की आधी मला पाठव, पेनाचेच, रंग न भरता.