बाळ काचेच्या पेटीत आणि बापाच्या डोक्यात हिशेब

“पोर तिथं श्वासासाठी झगडतंय आणि मी कॅल्क्युलेटर काढून बसतो. मी बाप आहे की कोण?”

एनआयसीयूमधल्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या, मुलीच्या वडिलांचा हा प्रश्न. मुलगी गर्भारपणाचे 29 आठवडे पूर्ण होताच झालेली, वजन 1150 ग्रॅम, वय 11 दिवस, श्वासाला सीपॅपचा (नाकातून दाबानं हवा देणाऱ्या यंत्राचा) आधार. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) खर्चाचं ते बायकोशी बोलत नव्हते. डॉक्टरांना विचारायची तर भीतीच, कारण पैशाचं काढलं की उपचारात हात आखडतील असं वाटायचं. त्यांच्या गप्प राहण्याचा आईनं लावलेला अर्थ भलताच होता: आपल्याला दिवस भरता आले नाहीत म्हणून हे रागावलेत.

असा अपराधीपणा समजूत घालून जात नाही. हिशेब डोक्यात फिरत राहतो, कारण त्याला शेवट दिसत नाही. म्हणून समुपदेशनाच्या पहिल्या बैठकीत आधी कॅलेंडर काढलं.

चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ गर्भारपणापासून मोजलेल्या साधारण 32 ते 34 आठवड्यांच्या सुमारास बसू लागतो. तोवर बाळ कितीही गुणी असलं तरी दूध मुख्यतः नळीनेच. शिवाय घरी सोडण्याआधी बाळानं पेटीबाहेर अंगाची ऊब टिकवायला हवी, वजन रोज वाढायला हवं आणि काही दिवस सलग श्वास न अडकता जायला हवेत. श्वास 20 सेकंद थांबला की तो अडकला असं धरतात. तसं झालं तर दिवस बहुधा पुन्हा पहिल्यापासून मोजतात. त्यामुळे अशी बाळं बहुधा बाळंतपणाच्या मूळ तारखेच्या दोन-चार आठवडे आधी किंवा त्या सुमारास घरी जातात.

वडिलांनी मूळ तारखेपर्यंतचे 77 दिवस धरून त्यांना पहिल्या आठवड्याच्या रोजच्या बिलानं गुणलं होतं. चूक इथेच होती. व्हेंटिलेटर, सीपॅप, साधा ऑक्सिजन आणि शेवटी नुसतं दूध नि वजन, असा आधार उतरत जातो, तसा रोजचा खर्चही साधारणपणे उतरतो. उलट जंतुसंसर्ग झाला तर दोन्ही वर चढतात. डॉक्टरांना ‘एकूण किती?’ विचारून उत्तर मिळत नाही. ‘आत्ता कोणता आधार चालू आहे, तो पुढे कधी उतरेल, मुक्काम कशानं लांबेल?’ असं विचारलं की मिळतं.

पैशाचं बोलणं पेटीपाशी करू नये. घरातलं एकच माणूस, बिल विभागातलं किंवा समाजसेवा विभागातलं एकच माणूस, आणि दर तीन दिवसांनी बाबवार बिल. विम्यात बाळाचं नाव घालायची मुदत पॉलिसीत लिहिलेली असते. सगळे वॉर्डात अडकलेले असताना नेमकी तीच निघून जाते. मदतनिधीचे अर्ज पहिल्या आठवड्यातच द्यावेत, शेवटच्या बिलावर बसून नव्हे. बाळ स्थिर झाल्यावर कमी खर्चाच्या विभागात हलवता येईल का, हेही बेधडक विचारावं. सल्ल्याविरुद्ध घरी नेणं मात्र स्वस्त पडत नाही: बाळ गार पडतं, श्वास अडकतो, आणि पुन्हा भरती व्हावं लागतं.

उरलं ते जवळपास फुकटातलं, आणि खरं बळ त्यातच आहे. आईचं दूध आतड्यांच्या गंभीर आजाराचा धोका कमी करतं. 24 तासांत 8 वेळा दूध काढायचं, त्यातलं एकदा तरी रात्री. सुरुवातीला चिकाचे चार थेंब आले तरी ते टाकायचे नाहीत. ‘माझं दूधच येत नाही’ म्हणणाऱ्या बऱ्याच आया चार-पाच वेळाच काढत असतात. ही आईही पाचच वेळा काढत होती.

दुसरी गोष्ट कांगारू पद्धत, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून धरणं. ती 1978 मध्ये कोलंबियातल्या बोगोटा इथं सुरू झाली, तीही पेट्या पुरत नव्हत्या म्हणून. आज जागतिक आरोग्य संघटना कमी दिवसांच्या बाळांना ती दिवसाला 8 ते 24 तास द्यायला सांगते. बाळाला फक्त टोपी, मोजे आणि डायपर. छातीवर उभं, मान एका बाजूला, हनुवटी छातीत रुतलेली नको, पाय बेडकासारखे. सीपॅप असतानाही नर्सच्या मदतीनं जमतं. वडिलांची छातीही चालते, हे सांगितल्यावर या गृहस्थांनी कॅल्क्युलेटर पहिल्यांदा खाली ठेवला.

बिलाचा कागद दोघांनी एकत्र वाचला. आई म्हणाली, “एवढंच होतं होय? मला वाटलं, माझ्यावर डूख धरलाय.”

वहीच्या शेवटच्या पानावर डोळ्यांच्या पडद्याची तपासणी लिहून घेतली: एवढ्या कमी वजनाच्या बाळाला पहिली जन्मानंतर दोन ते तीन आठवड्यांत. पुढच्या तारखा बऱ्याचदा घरी गेल्यावर येतात, आणि काटकसरीत पहिली कात्री यांनाच लागते. त्यांच्याखाली वडिलांनी लाल रेघ ओढली.