हरकत घ्या, पण आकड्यांनिशी

प्रश्न: आमच्या वस्तीच्या चढाकडे 10 हेक्टर माळावर 2000 घरांचा प्रकल्प येतो आहे. पावसाचं पाणी आमच्या घरांत शिरेल अशी धास्ती आहे. सह्यांची मोहीम पुरेल का?

उत्तर: सह्यांमधून नाराजी कळते, हरकतीचं कारण कळत नाही. त्यापेक्षा हिशेब मांडा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तासाभरात 50 मिलिमीटर कोसळला, तर 10 हेक्टरांवर 50 लाख लिटर. गवताळ माळावरून त्यातलं ढोबळमानाने पाव वाहून जातं, साडेबारा लाख. छप्पर, डांबर, काँक्रीटवरून नव्वद टक्के. बागा वगैरे धरून सरासरी 70 टक्के घेतली तरी 35 लाख. हे वरचे साडेबावीस लाख लिटर कुठे थोपवणार, हा तुमचा प्रश्न. साठवण टाकीचं आकारमान, तिच्या निचरा नळाचा व्यास आणि खालच्या नाल्याची वहनक्षमता लेखी मागा. ‘पाणी जिरवलं जाईल’ एवढ्यावर समाधान मानू नका. चिकण मातीत शोषखड्डे लवकर तुंबतात, आणि भूजल वर आलेलं असताना त्यांत पाणी मुरायला जागाच उरत नाही. म्हणून पाझर चाचणी ऐन पावसाळ्यातली हवी. उन्हाळ्यातली चाचणी नेहमीच छान येते! टाकीतला गाळ दरवर्षी कोण काढणार, तेही विचारा. गाळाने निम्मी भरलेली टाकी कागदावर मात्र पूर्ण क्षमतेचीच राहते.

प्रश्न: वाहतूक अहवालात ‘परिणाम नगण्य’ लिहिलंय. खरं मानायचं?

उत्तर: आधी मोजणीची तारीख बघा. शाळेच्या सुट्टीतली असेल, तर फेरमोजणी मागा. मग चौक बघा. सलग हिरवा दिवा असेल, तर एका मार्गिकेतून तासाला सुमारे 1800 मोटारी जातात. दिवा निम्माच वेळ हिरवा असेल, तर 900. आज 750 जात असतील आणि प्रकल्पाने 100 वाढवल्या, तर अहवाल म्हणेल, वाढ जेमतेम 13 टक्के. पण चौक 94 टक्के भरला. क्षमतेच्या 85–90 टक्क्यांपुढे रांगा झपाट्याने लांबतात. शेजारचे मंजूर झालेले, पण न बांधलेले प्रकल्प या मोजणीत धरलेत का, हेही तपासा. बहुतेकदा मेख तिथेच असते.

प्रश्न: आमच्यातल्या काहींना प्रकल्प हवाय, काहींना नकोच. एकत्र काय मागावं?

उत्तर: अटी, आणि त्या घरांच्या ताब्याशी बांधलेल्या. उदाहरणार्थ, साठवण टाकी आणि निचरा पूर्ण झाल्याशिवाय पहिला ताबा नाही; चौकाची सुधारणा झाल्याशिवाय 500व्या घरापुढे ताबा नाही. ‘शेवटच्या टप्प्यात करू’ असं मान्य केलंत, आणि तो टप्पाच रखडला, तर काम राहिलंच म्हणून समजा. आणि नवे रहिवासी ‘कसले’ असतील, हा विषय निवेदनात आणू नका. तो नियोजनाचा मुद्दाच नाही, आणि त्यामुळे पाण्याचा पक्का हिशेबही बाजूला पडतो.