हमाली कोणती जमेल ते बघ

प्रिय,
सप्रेम आशीर्वाद.

पत्र मिळालं. प्रश्न एकच आहे, पण तू तो तीन तऱ्हांनी विचारला आहेस: सैद्धांतिक भौतिकशास्त्राकडे जायचं की भुंगेऱ्यांच्या वर्गीकरणाकडे? पहिल्याचं नाव काढलं की लोक कौतुकानं बघतात आणि दुसऱ्याचं काढलं की 'किडे गोळा करून पुढे काय?' म्हणतात, हे लिहायची गरज नव्हती. ते मला चांगलं ठाऊक आहे, मी किड्यांच्याच बाजूचा.

श्रेष्ठ काय, या वादात मी पडत नाही. माझं म्हणणं एवढंच की विषय त्यातल्या वैभवावरून निवडू नकोस. वैभव दोन्हीकडे आहे आणि ते फार थोड्यांच्या, फार थोड्या वेळा वाट्याला येतं. बाकी सगळा काळ हमालीचा. कुठली हमाली आपण न कुरकुरता करू शकतो, ते आधी बघ.

सिद्धांतवाला कोऱ्या कागदासमोर बसतो आणि त्याला काहीतरी सुचतं, असं तुझ्या डोक्यात असेल तर इलेक्ट्रॉनच्या चुंबकीय आघूर्णाचा, म्हणजे इलेक्ट्रॉन हा केवढा चुंबक आहे त्याचा, हिशेब बघ. डिरॅक या भौतिकशास्त्रज्ञाच्या १९२८च्या समीकरणातून त्याचा एक गुणांक बरोब्बर २ येतो. प्रत्यक्षात तो किंचित जास्त भरतो. ही किंचित भर कुठून येते, त्याचं पहिलं उत्तर श्विंगरनं १९४८ साली काढलं. ही हिशेबाची पहिली पायरी. तिला फाइनमन आकृती, म्हणजे हिशेबातलं एकेक पद दाखवणारं रेखाचित्र, एकच लागते. दुसऱ्या पायरीला ७, तिसऱ्या पायरीला ७२, चौथ्या पायरीला ८९१ आणि पाचव्या पायरीला १२,६७२! ही पाचवी पायरी किनोशिता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली पूर्ण केली. त्यांपैकी सगळ्यात अवघड गटात ६,३५४ आकृत्या होत्या. त्या एकत्र बांधून ३८९ संकलनांवर (इंटिग्रल्सवर) आणल्या. आकडेमोड संगणकानं केली हे खरं, पण कोणती आकृती कोणत्या गटात जाते, हिशेबात मध्येच उगवणाऱ्या अनंत राशी कुठे वजा करायच्या, एखादी गोष्ट दोनदा तर मोजली गेली नाही ना, हे माणसांनीच ठरवलं. आणि २००७ साली याच गटाच्या लक्षात आलं की चौथ्या पायरीच्या आधीच्या उत्तरात अनंत राशींची वजाबाकी नीट झालेली नव्हती. ते उत्तर बदलावं लागलं. आज मोजमाप आणि हिशेब दशांश चिन्हापुढे दहापर्यंत अंक जुळतात, ते या असल्या कामामुळे. आता सांग, हे वर्गीकरण नाही तर काय आहे?

आमच्याकडची हमाली निराळी. भुंगेऱ्यांच्या सुमारे चार लाख जातींना आजवर नावं मिळाली आहेत. नाव असलेल्या प्राण्यांपैकी साधारण चौथा हिस्सा. टाचणीवर किडा, त्याखाली चिठ्ठी. कुठे सापडला, कधी, कोणी धरला. चिठ्ठी हरवली की नमुन्याची किंमत गेली. बाहेरून दोन जाती हुबेहूब सारख्या दिसतात, म्हणून नराचं जननेंद्रिय काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. हे दिवसभर. शिवाय जुन्या लेखनाचं ओझं. प्राण्यांच्या नावांचा कायदेशीर प्रारंभ लिनियसच्या 'सिस्टिमा नॅचुरी' या ग्रंथाच्या १७५८च्या आवृत्तीपासून धरतात आणि एकाच प्राण्याला दोन नावं पडली असतील तर आधीचं टिकतं, नंतरचं पडतं. न्यूटन मूळातून न वाचता भौतिकशास्त्रज्ञाचं आयुष्य सुखात जातं. आम्हाला मात्र दोनशे वर्षांपूर्वी कोणीतरी लॅटिनमध्ये खरडलेल्या दोन ओळीही टाळता येत नाहीत. त्या ओळी अपुऱ्या असतात, मग तो मूळ नमुना, म्हणजे होलोटाइप, कुठल्या संग्रहालयात आहे ते शोधत बसायचं. डीएनएनं मदत झाली आहे, पण नाव कोणाचं हा प्रश्न शेवटी त्या नमुन्याशीच येऊन थांबतो.

'याचा उपयोग काय' असं कोणी विचारलं तर सॅल्व्हिनियाची गोष्ट सांग. पाण्यावर तरंगणारं हे नेचं तलावच्या तलाव झाकून टाकतं. त्याला बराच काळ दुसऱ्याच एका जातीचं नाव चिकटलेलं होतं, म्हणून त्याचे नैसर्गिक शत्रू लोक त्या दुसऱ्या जातीच्या प्रदेशात शोधत राहिले. तिथून आणलेले किडे सोडले, फारसं काही झालं नाही. १९७२ साली ही वेगळी जात असल्याचं ठरलं. मग १९७८मध्ये तिचं खरं मूळ आग्नेय ब्राझीलमध्ये सापडलं. तिथला जेमतेम दोन मिलिमीटरचा सोंडे किडा १९८०मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मूंडारा तलावात सोडला आणि साधारण वर्षभरात तण संपलं. गंमत पुढेच आहे. हा किडा आधी आफ्रिकेत सोडलेल्या किड्याचाच भाऊबंद, म्हणजे त्याच जातीचा समजला गेला होता. तो वेगळा निघाला, त्याला १९८५ साली स्वतःचं नाव मिळालं. वनस्पतीचं नाव चुकलेलं, किड्याचंही चुकलेलं, आणि दोन्ही दुरुस्त करणारी माणसं टेबलाशी बसून बारीक फरक लिहिणारी!

माझा पक्षपात इथे उघड झाला असेल. होऊ दे.

आता तुझं काम. कुठल्या तरी प्रकाशित शोधनिबंधातला हिशेब घे आणि प्रत्येक चिन्ह जुळेपर्यंत तो स्वतः करून बघ. वजाच्या जागी अधिक येतंय आणि का ते कळत नाही, अशी अवस्था येईलच. मग एकाच प्रजातीच्या, म्हणजे जवळच्या जातींच्या एका गटाच्या (जीनसच्या), भुंगेऱ्यांचा एक ट्रे घे आणि जाती ओळखण्याच्या छापील प्रश्नमालिकेतून प्रत्येक नमुना पार कर. एखादा कुठल्याच उत्तरात बसणार नाही. त्या क्षणी तुला वैताग येतो की खुर्ची पुढे ओढावीशी वाटते, एवढंच टिपून ठेव. गुण कशात जास्त मिळाले ते बघू नकोस.

नोकऱ्या दोन्हीकडे थोड्या. सिद्धांतात हुशार माणसांची रांग लांब, आमच्याकडे रांग छोटी पण जागा त्याहून कमी. जातीचं नाव वापरणारे हजारो असतात, ते नाव देणाऱ्याच्या निबंधाचा उल्लेख मात्र क्वचितच करतात, त्यामुळे संदर्भांच्या मोजणीत आम्ही कायम मागे. हे आधी माहीत असलेलं बरं. प्रोग्रॅमिंग शीक, ते कुठेही लागेल.

मार्गदर्शक निवडताना त्यांच्या निबंधांची यादी वाच, पण त्याआधी त्यांच्याकडून बाहेर पडलेल्या दोघा-तिघांना गाठ. अर्धवट सोडून गेलेला एक तरी त्यात असू दे. त्याला विचार की मार्गदर्शक काम परत किती दिवसांत बघून द्यायचे आणि निबंधावर नाव कोणाचं पहिलं लागायचं. उत्तरं लिहून मला पाठव, म्हणजे पुढच्या पत्रात नेमकं बोलता येईल.

तुझा,
जुना किडेवाला