एसीत बर्फ जमतोय? गॅस भरायच्या आधी हे वाचा

प्रश्न : नमस्कार, आमच्या बेडरूमला दीड टनाचा स्प्लिट एसी आहे, चार वर्षं झाली. महिनाभर असं होतंय की रात्री लावला की तास-दीड तास मस्त गार, मग हवा कमी कमी होत जाते, आणि पहाटे उठून बघावं तर मशीनचा नुसता घुं घुं आवाज, हवा नाहीच. बंद केला की इनडोअरमधून पाणी टपटप थेट गादीवर. झाकण उघडून बघितलं तर आत पांढराशुभ्र बर्फ! मेकॅनिकने गेज (गॅसचा दाब मोजायचं मीटर) लावून गॅस कमी आहे म्हणून सांगितलं, भरून गेला, दहा-बारा दिवस नीट चाललं आणि परत तेच रडगाणं. आता म्हणतो पुन्हा भरू. भरू का?

उत्तर : लगेच नका भरू. एसीतला गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही हो, बंद पाइपात तोच तोच गोल फिरत असतो, त्यामुळे दहा दिवसात खरंच कमी झाला असेल तर कुठेतरी लीक आहे आणि ते लीक न शोधता भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. आणि दुसरी शक्यता अशी की गॅस पहिल्यापासून बरोबरच होता. मला तर आधी हेच विचारायचंय की मेकॅनिक आला त्या दिवशी त्याने फिल्टर पण धुतला होता का? कारण मग दहा दिवसांचं श्रेय गॅसला की फिल्टरला ते कोण सांगणार.

आता बर्फ का होतो ते बघा. कॉइल, म्हणजे इनडोअरमधली गॅसच्या नळ्यांची आणि पत्र्यांची जाळी, नीट चालताना साधारण ५ ते १० डिग्रीवर असते, खोलीतल्या हवेतला दमटपणा तिच्यावर पाणी होऊन बसतो आणि ड्रेन पाइपने बाहेर जातो. ती शून्याच्या खाली गेली की तेच पाणी गोठतं. खाली जायची मुख्य कारणं दोन. एक, कॉइलवरून पुरेशी हवाच जात नाही, म्हणजे फिल्टर चोंदलाय, कॉइलच्या पत्र्यांत धूळ बसलीय, ब्लोअरच्या, म्हणजे हवा फेकणाऱ्या आतल्या फॅनच्या, पात्यांवर मळाचा थर आहे किंवा फॅनची मोटर नाहीतर कपॅसिटर (मोटरला जोर देणारा छोटा भाग) थकल्यामुळे फॅन हळू फिरतोय. दोन, गॅस कमी, त्यामुळे आतला दाब कमी, आणि दाब कमी झाला की गॅस आणखी कमी तापमानाला उकळतो. हल्लीच्या आर-३२ किंवा आर-४१०ए गॅसवाल्या मशीनला गेजचा काटा १०० पीएसआयच्या (पीएसआय म्हणजे दाबाचं माप) आसपास आला की समजायचं कॉइल शून्यावर आली.

गंमत अशी की फिल्टर चोंदलेला असला तरी तो काटा खालीच येतो! कॉइलला उष्णता मिळाली नाही की दाब पडणारच. म्हणजे बर्फ असताना नुसता गेज बघून 'गॅस कमी' म्हणणं हा निम्मा अंदाज झाला, आणि त्यावर विसंबून जास्तीचा गॅस घातला तर पुढे कॉम्प्रेसरवर, म्हणजे बाहेरच्या युनिटमधल्या गॅस दाबणाऱ्या पंपावर, लोड येतो ते वेगळंच.

म्हणून आधी बर्फ पूर्ण वितळू द्या. कूलिंग बंद, मोड फक्त फॅनवर, स्पीड फुल, खाली टॉवेल आणि बादली, आणि थांबा, कधी दोन तास लागतात कधी पाच-सहा. स्क्रू ड्रायव्हरने किंवा सुरीने खरवडू नका, मी शिकाऊ असताना एकदा घाई केली आणि फुस्स झालं, अख्खी कॉइल बदलायला लागली, उस्तादाने काय ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही. बर्फ असताना कूलिंग चालू ठेवायचंच नाही, कारण बर्फाने हवेची वाट अडते, हवा अडली की कॉइल अजून गार, अजून बर्फ, आणि शेवटी वाफ न झालेला पातळ गॅस कॉम्प्रेसरपर्यंत पोचला तर तो कॉम्प्रेसर मारून टाकतो.

वितळलं की एमसीबी खाली पाडा, फिल्टर धुऊन पूर्ण वाळवा, मोबाइलचा टॉर्च मारून कॉइल आणि आतला लांबट ब्लोअर बघा. फिल्टर चकाचक पण ब्लोअरच्या पात्यांत काळा चिखल, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता आधी तिथेच बघतो. तो साफ करायचं काम मात्र घरी करू नका, पाणी सर्किट बोर्डात जातं.

मग २४ वर, फॅन फुल ठेवून चालू करा आणि पहिला अर्धा-पाऊण तास झाकण उघडं ठेवून बसून बघा, हात मात्र आत घालू नका. सगळं निदान इथे आहे. पूर्ण गोठल्यावर कॉइल बघून काही कळत नाही, सगळीकडे पांढरंच असतं. सुरुवातीला कॉइलचा एकच कोपरा किंवा एकदोन नळ्याच पांढऱ्या होतायत, बाकीची कॉइल कोमट, आणि बाहेरच्या युनिटला बारीक पाइपच्या नटवर हिम धरतंय पण जाडा पाइप गार लागत नाही, तर बहुतेक गॅसच कमी. सगळ्या कॉइलवर सारखंच हिम यायला लागलं आणि जाडा पाइपही बर्फासारखा झाला, तर हवेची भानगड. आणि काहीच झालं नाही तर धुण्यानेच काम झालं, दोन आठवड्यांनी एकदा फिल्टर बघत जा.

गॅसच निघाला तर मेकॅनिकला सांगा, लीक आधी शोध. पाइप जोडलेत त्या नटांपाशी तेलकट डाग दिसतो का, साबणाचा फेस लावला की बुडबुडे येतात का, नाहीतर नायट्रोजन भरून दाब टिकतो का बघायचं. मग दुरुस्ती, मग व्हॅक्यूम, म्हणजे पाइपातली सगळी हवा ओढून काढणं, मग बाहेरच्या युनिटच्या स्टिकरवर लिहिलेल्या वजनाइतका गॅस वजनकाट्यावर तोलून. अंदाजपंचे नाही. नवीन एसीचा विचार यानंतर, आणि बहुतेक वेळा करावाच लागत नाही.

प्रश्न : आमच्याकडे उलटंच. सर्व्हिस करून घेतली आणि तेव्हापासून बर्फ होतोय, आधी कधीच नव्हता! फिल्टर, कॉइल सगळं स्वच्छ.

उत्तर : त्यालाच परत बोलवा आणि कॉइलचा सेन्सर बघायला सांगा. कॉइलला चिकटलेल्या छोट्या नळीत तो खोचलेला असतो, कॉइल गोठायला आली की तोच कॉम्प्रेसर थांबवायला लावतो. धुताना काढला आणि नीट परत खोचला नाही तर बिचारा हवेतलं तापमान सांगत बसतो आणि मशीनला वाटतं सगळं आलबेल. पाच मिनिटांचं काम आहे. खोचलेला असेल तर सेन्सरच बिघडलाय का ते तपासायचं.

प्रश्न : रूम लवकर गार व्हावी म्हणून १६ वर आणि आवाज नको म्हणून फॅन लो, रात्रभर. याने बर्फ होतो का?

उत्तर : मशीन चांगलं असेल तर सहसा नाही, पण फिल्टर थोडा जरी भरलेला असला तर हो, कारण लो फॅनला हवा आधीच कमी आणि १६ पर्यंत खोली जातच नाही म्हणून कॉम्प्रेसर थांबत नाही. साध्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या एसीत १६ ने लवकर गार होत नाही, तेवढ्याच वेगाने होतं, फक्त थांबायचं विसरतं. २४-२५ ठेवा, फॅन मीडियम किंवा ऑटो.

प्रश्न : हीटिंगवर लावला की बाहेरच्या युनिटवर बर्फ धरतो, मधेच गरम हवा बंद होते, पाच-दहा मिनिटांनी परत येते. बिघाड?

उत्तर : नाही. हीटिंगला बाहेरची कॉइल थंड असते, तिथे हिम धरतं आणि मशीन स्वतःच थोडा वेळ गॅस उलटा फिरवून ते वितळवतं. हिम वितळलंच नाही आणि सगळं युनिट बर्फाची लादी झालं तर मात्र दाखवून घ्या.